परसबागेतील कीटक आणि त्यांचे परस्परसंबंध

शाळेच्या आवारातील वालाच्या वेलावर काळा मावा पडला, की तो प्रथम मुलांच्या दृष्टीस पडतो. मुले धावत येऊन शिक्षकांस सांगतात आणि पाठोपाठ विचारतात, "गुरुजी, हे किडे चांगले की वाईट?" या प्रश्नाचे उत्तर बहुधा तत्काळ मिळते. "वाईट, झाडाचा रस शोषतात," असे सांगून गुरुजी एखाद्या मुलास राख आणावयास पाठवितात, किंवा गावातील कोणाकडून औषध फवारून घेण्याची व्यवस्था करतात. दोन दिवसांत वेल स्वच्छ दिसू लागतो, प्रश्न मिटतो, आणि त्याबरोबर निसर्गाचा एक संपूर्ण पाठही पुसला जातो.

गुरुजींचे उत्तर खोटे नसते. ते अपुरे असते. त्या वितीएवढ्या शेंड्यावर मावा एकटा नसतो. त्याची राखण करणाऱ्या मुंग्या असतात, त्यास खाणारे किडे असतात, त्याच्या पोटात अंडी घालणाऱ्या सूक्ष्म माश्या असतात. यांपैकी कोणासही एकट्याने पाहिले तर त्याचे मोल कळत नाही. कीटकाचे मोल त्याच्या रूपावरून ठरत नाही. तो काय खातो, त्यास कोण खातो आणि तो कोणाच्या आश्रयाने राहतो, यावरून ते ठरते. प्राथमिक शाळेतील मुलास हे एक सत्य स्वतःच्या डोळ्यांनी पटले, तर निसर्गनिरीक्षणाचे निम्मे कार्य झाले असे समजावे.

शालेय पोषण आहाराच्या अनुषंगाने केंद्र शासनाने २०१९ साली शाळांतील परसबागांविषयी मार्गदर्शक सूचना प्रसृत केल्या. बागेतील ताजी भाजी मुलांच्या ताटात यावी हा बागेचा एक हेतू आहे. मुलांस निसर्गाचा प्रत्यक्ष अनुभव मिळावा हा दुसरा. पहिल्या हेतूकडे सर्वांचेच लक्ष असते. दुसरा हेतू कसा साधावा याचे दिग्दर्शन पुढे केले आहे. ज्या शाळेस बाग नाही तेथे शाळेनजीकच्या एखाद्या घराचे परसही या कामी पुरेसे आहे.

एका शेंड्यावरची वस्ती

वाल आणि चवळी यांच्या कोवळ्या शेंड्यांवर, फुलांच्या दांड्यांवर व शेंगांवर काळ्या माव्याचे थवे आढळतात. भिंगातून पाहिले असता पूर्ण वाढलेला मावा चकचकीत काळा आणि त्याची पिले फिकट राखी वा तपकिरी दिसतात. सोंडेसारखे बारीक मुखांग झाडाच्या सालीत खुपसून तो रस शोषीत असतो. म्हणून तो फारसा हालचाल करताना दिसत नाही.

माव्याची संख्या इतकी झपाट्याने का वाढते, हे मुलांस अवश्य दाखवावे. आपल्याकडील उष्ण हवेत या माव्यात बहुतेक सर्व माद्याच असतात. त्यांस नराची आवश्यकता नसते, आणि त्या अंडीही घालीत नाहीत. सरळ जिवंत पिलांस जन्म देतात. ते पिलू सुमारे आठवड्याभरात स्वतः पिले देऊ लागते. एका सोमवारी शेंड्यावर पाच मावे मोजले आणि पुढच्या सोमवारी मोजणे अशक्य झाले, तर त्यात नवल नाही. वरच्या वर्गातील मुलांस यावर गुणाकाराची उदाहरणे घालता येतील. गर्दी फार झाली किंवा शेंडा निबर होऊ लागला, म्हणजे काही पिलांस पंख फुटतात आणि ती दुसऱ्या वेलावर जातात. पंख असलेला व नसलेला मावा एकाच शेंड्यावर शोधून काढणे हा मुलांस आवडणारा उद्योग आहे.

या वेगाने मावा वाढत गेला तर गावात एकही वेल उरू नये. परंतु तसे होत नाही. ते का होत नाही, हाच पुढील पाठाचा विषय होय.

मुंग्यांची राखण

माव्याच्या थव्यापाशी मुंग्यांची ये-जा हटकून आढळते. मुंग्या माव्यास खावयास आल्या असाव्यात, असा मुलांचा पहिला तर्क असतो. तो लगेच खोडून काढू नये. "नीट पाहा" एवढेच सांगावे. थोडा वेळ टक लावून पाहणाऱ्या मुलास दिसेल, की मुंगी आपल्या मिशांनी माव्याच्या पाठीवर हलकेच थापटते आणि माव्याच्या शरीराच्या मागील टोकाशी एक पारदर्शक थेंब येतो. तो थेंब मुंगी पिऊन टाकते.

झाडाच्या रसात साखर पुष्कळ आणि इतर पोषक द्रव्ये थोडी असतात. शरीरास हवी तेवढी पोषक द्रव्ये मिळावीत म्हणून माव्यास फार रस प्यावा लागतो आणि जास्तीची साखर बाहेर टाकावी लागते. हाच तो गोड चिकटा. जेथे मुंग्या नसतात तेथे तो पानांवर सांडतो, पाने चिकट होतात आणि त्यांवर काजळीसारखी काळी बुरशी चढते. जेथे मुंग्या असतात तेथे त्या चिकटा नेतात. त्याच्या मोबदल्यात माव्याजवळ येणाऱ्या शत्रूंस हुसकावून लावतात. गवळ्याने गाईगुरे राखावीत आणि दूध घ्यावे, तसाच हा व्यवहार आहे.

याची परीक्षा वर्गात करता येते. सारख्या वाढीची चवळीची रोपे असलेल्या दोन कुंड्या घ्याव्यात. दोन्हींवर मावा व मुंग्या दिसू लागल्या, की एक कुंडी पाणी भरलेल्या परातीत विटेवर ठेवावी व तिच्यावरील मुंग्या अलगद झटकून टाकाव्यात. दुधादुभत्याच्या कपाटाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवण्याची रीत मुलांच्या घरी असतेच. तीच ही युक्ती. कुंडीचे एकही पान भिंतीस वा दुसऱ्या झाडास टेकू देऊ नये, नाही तर मुंग्यांस पूल मिळतो. परातीतील पाणी दर दोन दिवसांनी बदलावे, म्हणजे त्यात डासांची वाढ होणार नाही. दुसरी कुंडी तशीच उघड्यावर ठेवावी. कोणत्या कुंडीवर मावा लवकर कमी होईल, याचा अंदाज मुलांनी आरंभीच वहीत लिहावा आणि दोन-तीन आठवडे रोज पाहून पडताळावा. राखणदार नसलेल्या कुंडीवर माव्याचे शत्रू निर्वेध उतरतात, असे सामान्यतः आढळते. तथापि एखाद्या वेळी निराळे घडले तर तेही तसेच लिहावे. अंदाज चुकणे हा दोष नव्हे. चुकलेला अंदाज पुसून टाकणे हा दोष होय.

माव्याचे शत्रू

माव्याच्या शत्रूंत ढालकिडा सर्वांत सहज ओळखता येतो. वाटाण्याच्या अर्ध्या फोडीसारखा, चकचकीत पाठीचा हा छोटा भुंगेरा मुलांस आवडतो. आपल्याकडे बागेत विपुल आढळणाऱ्या एका जातीच्या पिवळसर तांबूस पाठीवर काळ्या नागमोडी रेघा असतात, तर दुसरीच्या तांबड्या पाठीवर सात काळे ठिपके असतात. मुले त्यास तळहातावर घेतात, त्याच्याशी खेळतात. त्यास कोणी मारीत नाही.

परंतु याच किड्याची अळी कोणी ओळखीत नाही. ती काळसर राखी, लांबट, सहा पायांची आणि अंगावर पिवळे-नारिंगी डाग असलेली असते. दुरून इवल्याशा सुसरीसारखी दिसते. माव्याच्या थव्यात ती फिरताना दिसली, की "हीच वेल खाते आहे" असे समजून मुले, आणि पुष्कळदा मोठी माणसेही, तिला चिरडतात. वस्तुतः ती दिवसाकाठी माव्याचे कित्येक डझन जीव फस्त करते. ज्या वेलावर मावा वाढला आहे त्याच्या पानांच्या मागील बाजूस पाहिले तर उभ्या रचलेल्या पिवळ्या, निमुळत्या अंड्यांचा पुंजका सापडतो. ती अंडी असलेले पान एका रुंद तोंडाच्या बाटलीत ठेवून वर पातळ फडके बांधावे आणि रोज माव्याने भरलेला एक डहाळा घालावा. अंडे, अळी, कोष आणि भुंगेरा या चारही अवस्था दोन ते तीन आठवड्यांत मुलांच्या समोर येतात. ज्या मुलाने त्या कुरूप अळीचा सुंदर भुंगेरा होताना पाहिला, तो पुन्हा तिला चिरडणार नाही. नंतर हे भुंगेरे बागेतच सोडून द्यावेत.

दुसरा शत्रू सिरफिड माशीची अळी. हिला पाय नसतात, डोळेही दिसत नाहीत. हिरवट, तोंडाकडे निमुळती होत गेलेली ही अळी चाचपडत पुढे सरकते, मावा तोंडाने पकडते, उचलून हवेत धरते आणि शोषून रिकामे कातडे टाकून देते. हिची प्रौढ माशी पिवळ्या-काळ्या पट्ट्यांमुळे मधमाशीसारखी भासते. परंतु मधमाशीस चार पंख असतात, हिला दोनच. ती नांगी मारीत नाही. फुलासमोर हवेत एके ठिकाणी स्थिर राहण्याची तिची लकब एकदा लक्षात आली की ती चटकन ओळखू येते. क्रायसोपा नावाचा, हिरव्या जाळीदार पंखांचा नाजूक कीटक आपली अंडी पानावर केसासारख्या देठांच्या टोकांस ठेवतो. त्याच्या अळ्याही मावा खातात.

तिसरा शत्रू साध्या डोळ्यांस क्वचितच दिसतो, पण त्याची खूण दिसते. माव्याच्या थव्यात एखादा मावा फुगून टणक झालेला आणि गवती वा तपकिरी रंगाचा आढळतो. तो मेलेला असतो. सुमारे दोन मिलिमीटर लांबीच्या एका परोपजीवी गांधीलमाशीने त्याच्या शरीरात अंडे घातले, त्यातील अळीने त्यास आतून खाल्ले, आणि आता त्याच्या कातड्याच्या डबीत ती कोषावस्थेत आहे. ज्या डबीस वाटोळे भोक दिसेल, तिच्यातून माशी बाहेर पडून गेली असे समजावे. अशा डब्या मोजणे हे वरच्या वर्गातील मुलांस चांगले काम आहे.

रूपाने होणारी फसवणूक

ढालकिडा मित्र आहे, एवढे शिकून मुले थांबली तर त्यांचे ज्ञान पुन्हा अपुरे राहील. म्हणून त्यांस वालाच्या वेलावरून वांग्याच्या रोपापाशी न्यावे. वांग्याच्या पानावर तसाच वाटोळा, ठिपक्यांचा भुंगेरा बसलेला आढळेल. तो ढालकिड्याच्याच कुळातील आहे. परंतु तो मावा खात नाही, पाने खातो. शिरांमधील हिरवा भाग तो खरवडून काढतो आणि पानाची जाळी करून टाकतो. कारल्याच्या वेलावरही तो आढळतो.

दोहोंतील भेद मुलांनी स्वतः शोधावा. मावा खाणाऱ्याची पाठ चकचकीत असते. पाने खाणाऱ्याची पाठ मंद, बारीक लवेने आच्छादलेली असून तिच्यावर पुष्कळदा अठ्ठावीस ठिपके असतात. त्याची अळी पिवळसर व फांद्या फुटलेल्या काट्यांची असते. पण सर्वांत खात्रीची खूण पाठीवर नाही, पानावर आहे. भोवती मावा आहे की पानाची जाळी झाली आहे, हे पाहिले म्हणजे निर्णय होतो. एकाच घराण्यातील दोघे, दिसण्यात जवळजवळ सारखे. एक बाग राखतो, दुसरा खातो.

जो खातो तोच फळ देतो

कित्येक कीटकांस तर मित्र किंवा शत्रू यांपैकी एकच नाव देणे कठीण असते. लिंबाच्या किंवा कढीपत्त्याच्या कोवळ्या पानावर फुलपाखराची मादी एकेक फिकट पिवळे अंडे घालते. त्यातून निघालेली अळी पक्ष्याच्या विष्ठेसारखी तपकिरी-पांढरी दिसते आणि त्यामुळे पक्ष्यांच्या नजरेतून सुटते. मोठी झाल्यावर ती हिरवी होऊन पानांत मिसळते. तिला काडीने हळूच स्पर्श केला तर डोक्यामागून तांबूस रंगाची दुबोटी बाहेर काढते व उग्र वास सोडते. लहान रोपाची पाने ती पार खाऊन टाकते. म्हणून बागाईतदार तिला कीड म्हणतो. पण महिनाभरात तिचेच फुलपाखरू होते आणि ते फुलाफुलांवर हिंडून परागकण नेऊ लागते. कधी कधी असेही होते, की मुलांनी जपलेल्या कोषातून फुलपाखरू निघतच नाही. भोक पाडून पुष्कळशा बारीक गांधीलमाश्या बाहेर येतात. मुले हिरमुसतात. परंतु लिंबाच्या झाडावर एकही पान शिल्लक न राहण्याचा प्रसंग का येत नाही, याचे उत्तर त्यांस त्या क्षणी मिळालेले असते.

कीटकांवाचून फळ धरत नाही, हे दाखविण्यास लाल भोपळ्याचा वेल उत्तम. त्याची नर फुले आणि मादी फुले वेगळी असतात. मादी फुलाच्या खाली इवलासा भोपळा असतो. नर फुलाखाली नुसता दांडा. फुले पहाटे उमलतात आणि दुपारपर्यंत मिटतात. परागकण जड व चिकट असल्याने वारा ते नेऊ शकत नाही. दुसऱ्या दिवशी उमलणारे एक मादी फूल सायंकाळी कागदी पिशवीने किंवा विरळ कापडाने बांधून ठेवावे व फूल कोमेजेपर्यंत सोडू नये. जवळचेच दुसरे उघडे ठेवावे. उघड्या फुलावर सकाळी सातेरी, फुलोरी किंवा पोया माशी येते का, हे मुलांनी पाहावे. काही दिवसांत बांधलेल्या फुलाखालचा भोपळा पिवळा पडून गळतो. दुसऱ्या फुलावर पुरेसे परागकण आले असतील, तर त्याखालचा भोपळा वाढू लागतो. एकाच जोडीवर निर्णय करू नये. तीन-चार जोड्या बांधाव्यात.

कुंभारणीचे घर

घराच्या आढ्यास, दाराच्या चौकटीस किंवा फळ्याच्या मागे मातीची चिमुकली मडकी बांधणारी कुंभारीण प्रत्येक मुलाच्या ओळखीची असते. तिच्यासंबंधी आपल्याकडे फार प्राचीन काळापासून एक समजूत चालत आलेली आहे. ही माशी एक किडा धरून आणते, त्यास घरात कोंडते, त्याच्याभोवती गुणगुणते, आणि तिचा निरंतर ध्यास घेऊन तो किडा तिच्यासारखाच होतो. यालाच भ्रमर-कीटक न्याय म्हणतात. ज्याचे चिंतन करावे त्याच्याशी तद्रूप व्हावे, हा अध्यात्मातील विचार सांगण्यास हा दाखला वापरला गेला.

दाखल्यातील भाव वेगळा आणि घरात घडणारी गोष्ट वेगळी. पूर्वीच्या निरीक्षकांनी जे पाहिले ते खरेच होते: किडा आत गेला, घर बंद झाले, आणि काही दिवसांनी त्यातून माशी बाहेर आली. मधले मात्र कोणी पाहिले नाही. मडके बांधणारी कुंभारीण आत एक अंडे टांगते. मग अळ्यांस डंख करून त्यांस निश्चल करते आणि जिवंत शिदोरी म्हणून आत भरते. अंड्यातून निघालेले तिचे पिलू ही शिदोरी खाऊन वाढते, कोषात जाते आणि माशी होऊन भिंत फोडते. कुंभारणीच्या काही जाती अळ्यांऐवजी कोळी भरतात. बंद असलेले एखादे मडके शिक्षकांनी स्वतः जपून उघडून मुलांस दाखवावे. एकाहून अधिक मडकी फोडू नयेत. आरंभ आणि अखेर पाहून मधल्याचा तर्क करणे व मधलेही पाहणे, यांतील अंतर मुलांस याहून सोप्या रीतीने समजावणे कठीण आहे. बागेतील अळ्यांची संख्या आटोक्यात ठेवणाऱ्यांत ही कुंभारीणही मोडते, हे त्यांस मग निराळे सांगावे लागत नाही.

घाईची किंमत

आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळता येईल. मावा दिसताच विषारी औषध फवारले तर काय होते? मावा मरतो हे खरे; परंतु ढालकिड्याची अळी, सिरफिड माशी आणि ती सूक्ष्म गांधीलमाशीही मरते. पानांच्या घड्यांत लपलेले थोडे मावे वाचतात. मावा आठवड्यात प्रौढ होतो. ढालकिड्यास अंड्यापासून भुंगेरा होण्यास दोन ते तीन आठवडे लागतात. अर्थात् पुन्हा वाढण्याच्या शर्यतीत मावा पुढे जातो, आणि या वेळी त्यास अडविणारा कोणी नसतो. मग दुसरी फवारणी करावी लागते.

हे केवळ अनुमान नव्हे. अमेरिकेतील कॅलिफोर्निया प्रांतात संत्र्या-लिंबाच्या बागा एका खवलेकिडीने उद्ध्वस्त होत आल्या होत्या. ती कीड मूळची ऑस्ट्रेलियातील. म्हणून १८८८-८९ मध्ये तेथून तिचा शत्रू असलेला ढालकिडा आणून सोडण्यात आला, आणि थोड्याच काळात बागा सावरल्या. पुढे १९४० नंतरच्या दशकात तेथे डी.डी.टी.ची फवारणी सुरू झाली. तिने ढालकिडे मेले आणि नाहीशी झालेली खवलेकीड पुन्हा उसळली. भारतातील अनुभवही बोलका आहे. पपईवरील पिठ्या ढेकूण २००८ साली कोइंबतूर येथे प्रथम आढळला व पुढे इतर राज्यांत पसरला. औषधांस तो आवरेना. २०१० साली प्वेर्तो रिकोहून त्याच्या परोपजीवी गांधीलमाश्या आणून सोडल्या, तेव्हा तो आटोक्यात आला. कित्येक औषधांनी जे साधले नाही, ते डोळ्यांस जेमतेम दिसणाऱ्या माशीने साधले.

फवारणीचा धोका माणसांसही आहे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी व शेतमजूर दगावले. ज्या बागेत मुले वावरतात आणि जिची भाजी त्यांच्या ताटात येते, त्या बागेत विषारी औषधास स्थान असू नये.

पाहणे म्हणजे हातावर हात ठेवून बसणे नव्हे. वेल फारच ग्रासला असेल तर सर्वाधिक मावा असलेले शेंडे खुडून टाकावेत, उरलेला मावा पाण्याच्या धारेने धुवावा. मात्र खुडण्यापूर्वी त्यावर ढालकिड्याची अंडी वा अळ्या, किंवा माव्याच्या तपकिरी डब्या आहेत का, ते पाहावे. असल्यास तो शेंडा राखावा. शत्रू नेहमी भक्ष्याच्या मागून येतो. त्यास दहा-पंधरा दिवसांचा अवसर दिला पाहिजे.

पाठाची योजना

या उपक्रमास खर्च जवळजवळ नाही. एक बहिर्गोल भिंग, एक वही, दोन-तीन रुंद तोंडाच्या बाटल्या आणि रोजची दहा मिनिटे एवढे पुरे. भिंग नसेल तर भ्रमणध्वनीने छायाचित्र घेऊन ते मोठे करून पाहता येते. वर्गाचे चार-पाच मुलांचे गट पाडून प्रत्येक गटास एकच झाड नेमून द्यावे: एकास वाल, एकास वांगे, एकास लिंबू, एकास भोपळा. सहा आठवडे तेच झाड, शक्यतो त्याच वेळी, त्या गटाने पाहावे. रोज नवे झाड पाहणारा पुष्कळ पाहतो. एकच झाड रोज पाहणारा बदल पाहतो.

वहीत तारीख, वेळ आणि हवा यांची नोंद करून तीन प्रश्नांची उत्तरे लिहावीत: कोण दिसले, ते काय करीत होते, आणि त्याच्याजवळ दुसरे कोण होते. यांतील तिसरा प्रश्न मुले नेमकी विसरतात. आणि सर्व संबंध त्यातच दडलेले असतात. नाव ठाऊक नसल्यास अडून बसू नये; "पिवळ्या पट्ट्यांची, दोन पंखांची" असे वर्णन व चित्र पुरेसे आहे. मुलांच्या घरी त्या किड्यास जे नाव असेल तेही लिहून घ्यावे. आठवड्याच्या अखेरीस फळ्यावर झाड मध्ये काढून त्याभोवती कीटकांची नावे लिहावीत, आणि कोण कोणास खातो हे बाणांनी दाखवावे. सहाव्या आठवड्यास त्या बाणांचे जाळे झालेले असेल. मग त्यातील एक नाव पुसावे आणि विचारावे, "आता काय होईल?"

काही दक्षता अवश्य घ्यावी. केसाळ अळ्यांस मुलांनी हात लावू नये, त्यांच्या केसांनी अंगास आग होते. गांधीलमाश्यांची किंवा आग्या माश्यांची पोळी जवळ असतील तर तेथे मुलांस नेऊ नये. माशी चावून एखाद्या मुलास श्वास लागला किंवा तोंड सुजले तर विलंब न लावता दवाखान्यात न्यावे. निरीक्षणानंतर हात धुण्याची सवय लावावी. पकडलेला प्रत्येक कीटक जेथून आणला तेथेच परत सोडावा.

शिक्षकांस शिकविणारी मुले

कीटकांच्या अभ्यासास शास्त्राचे मोठे साहित्य लागते, असे समजून शिक्षकांनी मागे सरू नये. कीटकांच्या जीवनाचे जगप्रसिद्ध निरीक्षक झां-आंरी फाब्र हे आरंभी प्राथमिक शिक्षकच होते. १८४२ साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षाच्या आत, फ्रान्समधील कार्पांत्रा या गावी ते शिकवू लागले. एकदा भूमापनाचा पाठ देण्यासाठी त्यांनी मुलांस उघड्या माळावर नेले. मुले मोजमाप सोडून वारंवार खाली वाकत, दगड उचलीत आणि गवताची काडी तोंडात घालीत. चौकशी करता कळले, की दगडांवर एक काळी माशी मातीची घरे बांधते आणि त्यांत मध असतो. मुले तो मध काडीने चोखीत होती. गुरुजींस हे ठाऊक नव्हते. ते रागावले नाहीत. मुलांजवळ बसून तेही ती घरे पाहू लागले. पुढे त्यांनी दहा खंडांत कीटकांचे जे निरीक्षण लिहिले, त्याचा आरंभ विद्यार्थ्यांनी दाखविलेल्या त्या घरात होता. १८७९ साली सेरीन्यां येथे एक खडकाळ पडीक जमीन घेऊन १९१५ पर्यंत ते तेथे राहिले, आणि त्या एका आवारातच त्यांनी बहुतेक उत्तरकार्य केले.

गावातील शाळेचे आवारही त्या पडीक जमिनीहून कमी संपन्न नाही. तेव्हा पुढच्या खेपेस मुलांनी "हा किडा चांगला की वाईट?" असे विचारले, तर शिक्षकांनी उत्तर देण्याची घाई करू नये. "ठाऊक नाही, तो काय खातो, ते पंधरा दिवस पाहू या," असे सांगावे. एवढ्याने शिक्षकांचा मान उणा होत नाही. उलट, निर्णय देण्यापूर्वी पाहावे लागते, ही गोष्ट मुले त्यांच्याकडून शिकतात. आणि ती पुढे केवळ किड्यांच्याच बाबतीत उपयोगी पडते असे नाही.